सरकारी इमारतीत जाताना परवान्याचं शस्त्र: घरातून निघण्यापासून परत येईपर्यंत

गेटवरचं मशीन वाजतं. माणसाचा हात कंबरेकडे जातो, मग तो खिशातून परवान्याचं पुस्तक काढतो आणि बिनधास्त सांगतो, "साहेब, लायसन्स आहे." पुण्यातल्या परवानाधारकांचा घोळ नेमका इथून सुरू होतो. हे शस्त्र या माणसाने बाळगणं कायदेशीर आहे, एवढंच त्या पुस्तकातून कळतं. ते घेऊन कलेक्टर कचेरीत, कोर्टात किंवा महापालिकेत शिरायची मुभा त्यात कुठेच दिलेली नसते. आणि गेटवरच्या हवालदाराला परवान्याबद्दल शंका नसतेच. हे इथे कशाला आणलं, असं तो विचारत असतो.

हा लेख साध्या परवानाधारकासाठी आहे: सराफ, बिल्डर, निवृत्त फौजी, मुळशी-हवेलीकडचा बागायतदार. ड्युटीवरचे पोलीस, सैनिक किंवा कॅश व्हॅनसोबतचे रक्षक यांचं गणित वेगळं असतं.

१. नियम कुठे लिहिलेत ते आधी वाचा

सगळं सांगणारं एकच कलम शोधत बसू नका, ते मिळणार नाही. नियम चार जागी विखुरलेले आहेत.

पहिली जागा तुमच्या हातातच आहे: परवान्याच्या अटी. शंभरातले नव्वद जण त्या वाचत नाहीत, असा माझा अंदाज आहे. शस्त्र जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, सार्वजनिक जमावात किंवा शिक्षणसंस्थेच्या आवारात न्यायचं नाही, जिल्हा दंडाधिकाऱ्यांची खास परवानगी असेल तरच न्यायचं, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. गणपतीच्या मिरवणुकीत शर्टाखाली पिस्तूल लावून ढोलपथकापुढे चालणाऱ्यांनी ही ओळ आज रात्री वाचावी. शाळेचा मुद्दा तर जास्तच फसवा आहे. दाखल्यांचं शिबिर, आधारचं शिबिर, मतदार नोंदणी अशी बरीच सरकारी कामं शाळेच्या इमारतीत चालतात. काम सरकारी असलं तरी आवार शाळेचंच, म्हणजे अट लागू.

दुसरी जागा म्हणजे शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६. सार्वजनिक ठिकाणी शस्त्र होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात हवं, असं हे नियम सांगतात. "पूर्ण झाकलेलं" याचा अर्थ शर्टाबाहेर डोकावणारी मूठही चालत नाही.

तिसरी जागा लोकांच्या लक्षातच येत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली पोलीस आयुक्त ठराविक दिवसांसाठी शस्त्रं घेऊन फिरण्यावर मनाई आदेश काढतात. सण, मोर्चे, जयंत्या, निवडणुका अशा निमित्ताने पुण्यात हे आदेश वरचेवर निघतात. तुमच्या परवान्याची मुदत २०२८ पर्यंत असेल, पण या पंधरवड्यात ते शस्त्र रस्त्यावर नेणंच बंद असू शकतं. परवानाधारकाला त्यातून सूट आहे की नाही, हे त्या त्या आदेशाच्या मजकुरावर ठरतं. म्हणून बातमीच्या मथळ्यावर न जाता आदेश पूर्ण वाचा.

चौथी जागा म्हणजे त्या इमारतीची स्वतःची सुरक्षाव्यवस्था. कोर्ट, विधान भवन, विभागीय आयुक्तालय, पोलीस आयुक्तालय, कारागृह, लष्करी हद्द, प्रत्येकाचे प्रवेशाचे नियम निराळे. तिथे वाद घालून काही निष्पन्न होत नाही.

*तपासा:* परवान्याचं पुस्तक किंवा कार्ड हातात घ्या आणि तीन गोष्टी बोट ठेवून वाचा. मुदत कधी संपते, परवाना कोणत्या क्षेत्रासाठी वैध आहे (महाराष्ट्र की संपूर्ण भारत) आणि अटी काय आहेत. युआयएन (परवानाधारकाला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक) नोंदलेला नसेल तर बाकीचं सगळं बाजूला ठेवा आणि परवाना शाखेकडून तो आधी मिळवा.

२. शस्त्र न्यायची गरज आहे का, हे कामावरून ठरवा

हा टप्पा नीट पार पडला तर पुढचे बहुतेक टप्पे लागतच नाहीत.

सरकारी इमारतीत शस्त्र घेऊन जाण्याची खरी कारणं मोजकी आहेत. नूतनीकरणाच्या वेळी शस्त्राची प्रत्यक्ष पडताळणी करून घेणं. निवडणुकीत किंवा अन्य आदेशाने ते जमा करणं आणि नंतर परत आणणं. पोलिसांनी किंवा न्यायालयाने लेखी बोलावून शस्त्र हजर करायला सांगणं. बस्स.

खरेदीखताची नोंदणी, सातबारा, मिळकतकर, आरटीओ, पासपोर्ट, तहसीलमधली सुनावणी, ओळखीच्या साहेबांची भेट, यांतल्या एकाही कामाला पिस्तूल लागत नाही. "पण माझ्या जिवाला धोका आहे म्हणूनच परवाना दिलाय" असं उत्तर येतं. मान्य. पण ज्या इमारतीच्या गेटवर तपासणी होते तिथे तो धोका सर्वात कमी. भीती प्रवासाची असेल तर सोबतीला माणूस घ्या, वेळ बदला, किंवा पोलिसांकडे संरक्षणाचा अर्ज करा.

सुनावणीला जाणाऱ्यांना एक वेगळी सूचना. समोरच्या पक्षाशी जमिनीचा वाद चालू आहे आणि तुम्ही कमरेला शस्त्र लावून तहसील कचेरीच्या व्हरांड्यात उभे आहात. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत तरी समोरचा धमकीची तक्रार देऊ शकतो. परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार शस्त्र अधिनियमाच्या कलम १७ खाली परवाना प्राधिकाऱ्याला आहे, आणि अशा तक्रारीवरून ते कलम वापरायला फार वेळ लागत नाही.

३. आपलं पोलीस ठाणं आणि आपलं कार्यालय कोणतं, ते नक्की करा

शस्त्र न्यायचंच असेल तर ते चुकीच्या दारात नेऊ नका. शस्त्र घेऊन शहरभर हेलपाटे मारणं हाच मोठा धोका आहे.

पुणे शहर आयुक्तालयाच्या हद्दीत परवाना प्राधिकारी म्हणजे पुणे पोलीस आयुक्त. पिंपरी-चिंचवडला २०१८ पासून वेगळं आयुक्तालय आहे. वाकड, हिंजवडी, चाकण, तळेगाव, देहूरोड हा भाग तिकडे येतो, त्यामुळे तिथल्या लोकांनी जुन्या सवयीने कॅम्पातल्या आयुक्तालयात येऊ नये. उरलेल्या ग्रामीण भागासाठी जिल्हाधिकारी. हद्दी बदलत असतात. लोणी काळभोर आणि लोणीकंद ही ठाणी पूर्वी ग्रामीणमध्ये होती, नंतर ती शहरात आली. परवाना जिल्हाधिकारी कार्यालयाचा आणि घर आता आयुक्तालयाच्या हद्दीत, अशी स्थिती असेल तर आधी नुसती कागदपत्रं घेऊन जा आणि फाइल सध्या कुठे आहे ते विचारा.

घर बदललं असेल तर हेच. तीस दिवसांपेक्षा जास्त काळासाठी दुसरीकडे राहायला गेलात, तर नव्या जागेच्या परवाना प्राधिकाऱ्याला तीस दिवसांच्या आत कळवावं लागतं. कोथरूडमधून वाघोलीला गेलेला माणूस गॅसचा पत्ता बदलतो, बँकेचा बदलतो आणि पिस्तुलाचा विसरतो.

*सावधान:* "साहेबांनी शस्त्र घेऊन या म्हटलंय" असा निरोप तोंडी किंवा फोनवर आला असेल, तर कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कोणाकडे जायचं ते पोलीस ठाण्यात फोन करून पक्कं करा. नोटीस असेल तर तिची प्रत सोबत ठेवा. शस्त्र कशाला आणलं या प्रश्नाला तो कागद हेच तुमचं उत्तर.

४. आदल्या रात्रीची तयारी

सकाळच्या घाईत शस्त्र हाताळू नका. हे काम रात्री करा. शांतपणे, एकट्याने, मुलं झोपल्यावर.

आधी कागद: मूळ परवाना, त्याच्या दोन छायाप्रती, ओळखपत्र, शस्त्र खरेदीची पावती, नोटीस असेल तर तिची प्रत. नूतनीकरण असेल तर मुदत संपायच्या किमान दोन महिने आधी अर्ज करा. शेवटच्या आठवड्यात धावपळ करणाऱ्याचा परवाना पडताळणी होईपर्यंत संपून जातो, आणि मग घरातलं शस्त्रच बेकायदा ठरायची वेळ येते. २०१९ च्या दुरुस्तीपासून परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांवर गेली आहे, म्हणून विसरायला दोन वर्षं जास्त मिळाली.

मग शस्त्र रिकामं करा. इथे क्रम महत्त्वाचा आहे. नळी सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरपासून लांब. पिस्तूल असेल तर आधी मॅगझिन (मुठीतली गोळ्यांची पेटी) बाहेर, मग स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे ओढून चेंबर (नळीच्या मागचं गोळीचं घर) डोळ्यांनी बघा आणि बोटाने चाचपा. बरेच जण उलटं करतात. मॅगझिन आत असतानाच स्लाइड ओढतात. चेंबरमधली गोळी बाहेर पडते, स्लाइड पुढे जाताना दुसरी आत सरकते, मग ते मॅगझिन काढतात आणि शस्त्र रिकामं झालं असं समजतात. घरात आणि पोलीस ठाण्यातही अपघात होतात ते असेच. रिव्हॉल्वर असेल तर सिलिंडर उघडा आणि सगळी घरं मोजा. बारा बोअरची बंदूक मोडून दोन्ही नळ्यांतून आरपार बघा.

काडतुसं वेगळ्या डबीत ठेवा आणि आकडा कागदावर लिहा. घरी किती आहेत, सोबत किती नेताय, दोन्ही.

*तपासा:* शस्त्राच्या बॅगेखेरीज तुमची रोजची बॅग, जॅकेट, गाडीचा कप्पा, सगळं उलटं करून झटका. हे मी स्वतःच्या फजितीवरून सांगतोय. नेमबाजीच्या रेंजवरून आल्यावर एक काडतूस लॅपटॉपच्या बॅगेच्या चोरकप्प्यात राहिलं होतं. चार दिवसांनी एका सरकारी कार्यालयाच्या एक्स-रे मशीनमध्ये ते दिसलं. परवाना घरी, फोटोही मोबाइलमध्ये नाही. दोन तास बाकावर बसलो, घरून मुलगा परवाना घेऊन आला तेव्हा सुटका झाली. शस्त्र ताब्यात असणं म्हणजे त्याची जाणीव असणं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या गुणवंतलाल खटल्यात म्हटलं आहे, आणि विसरलेल्या काडतुसाच्या प्रकरणांत वकील हाच मुद्दा मांडतात. पण तो मुद्दा कोर्टात उपयोगी पडतो. गेटवर तो कोणी ऐकून घेत नाही.

५. वाटेत

शस्त्र अंगावर किंवा तुमच्या हातातल्या बॅगेत. ॲक्टिव्हाच्या डिकीत नाही. पेट्रोल भरताना, पंक्चर काढताना, पार्किंगवाल्याला किल्ली देताना ती डिकी किती वेळा उघडते, मोजून बघा.

मेट्रोने जाऊ नका. जिल्हा न्यायालय स्थानक कितीही सोयीचं असलं तरी तिथे बॅग मशीनमधून जाते, आणि तुमचा खुलासा तिकिटाच्या रांगेजवळ, चारचौघांसमोर सुरू होतो. वाटेत कुठे जेवायला, चहाला, नातेवाइकाकडे थांबू नका. घर ते पोलीस ठाणं, तिथून सरळ घर.

आता दोन चुका, ज्या जवळजवळ प्रत्येक जण करतो.

पहिली: "शस्त्र गाडीत ठेवून आत जाऊन येतो." डॅशबोर्डच्या कप्प्यातलं पिस्तूल तुमच्या ताब्यात नसतं, नियमाला हवं असतं ते नियंत्रण तिथे उरत नाही. ससूनच्या आसपासच्या गर्दीत काच फुटली तर चोरीची तक्रार द्यायला तुम्हालाच जावं लागणार, आणि शस्त्र निष्काळजीपणे सोडलं याचा जाबही तुम्हालाच द्यावा लागणार.

दुसरी: "ड्रायव्हरकडे देऊन जातो." ड्रायव्हरकडे परवाना नाही. कायद्यात एक अपवाद आहे: परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्राने, आणि तेही दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाच्याच वापरासाठी, दुसरा माणूस शस्त्र नेऊ शकतो. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर आणि ड्रायव्हर पार्किंगमध्ये, ही स्थिती त्या अपवादात बसवणं अवघड आहे. मग त्याच्यावर लागतो तो विनापरवाना शस्त्र बाळगण्याचा गुन्हा, आणि तो तुमच्या अटीभंगापेक्षा कितीतरी गंभीर आहे. परवान्याच्या अटी मोडल्याबद्दल कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ड्रायव्हरचं प्रकरण तिथे थांबत नाही.

६. गेटवर

शस्त्र बाहेर काढू नका. "दाखवतो ना" म्हणत होल्स्टरला हात घालणारा माणूस समोरच्या शिपायाला कसा दिसतो, याचा विचार करा. दोन्ही हात दिसतील असे उभे राहा आणि मशीनपर्यंत जायच्या आधीच हळू आवाजात सांगा: "माझ्याकडे परवान्याचं शस्त्र आहे, रिकामं आहे, पडताळणीसाठी आणलंय. कोणाला भेटू?" मग ते सांगतील तसं करा.

पोलीस अधिकाऱ्याने परवाना मागितला तर तो दाखवणं कलम १९ खाली बंधनकारक आहे. इथे हुज्जत घालू नका.

गेटवर खासगी एजन्सीचा सुरक्षारक्षक असेल आणि तो "इकडे टेबलावर ठेवून जा" म्हणाला तर ठेवू नका. त्याच्याकडे तुमचं शस्त्र सांभाळायचा अधिकार नाही, त्याचं कपाट म्हणजे टिनचं ड्रॉवर असतं, आणि पावती मिळत नाही. तिथल्या पोलीस अंमलदाराला बोलवायला सांगा किंवा परत फिरा.

आणि शस्त्र कमरेला आहे हे गेटवर पोचल्यावर आठवलं तर? लपवू नका, झुडपामागे जाऊन गाडीत टाकू नका. मशीनच्या आधीच मागे वळा आणि थेट घरी जा. तारीख चुकली तर चुकू दे, वकिलाला फोन करून पुढची मागता येते.

७. शस्त्र जमा करताना

या टप्प्यावर लोक सर्वात घाई करतात, आणि नुकसान सर्वात जास्त इथेच होतं. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन आचारसंहिता एकाच वर्षात लागल्या आणि अनेकांची शस्त्रं दोनदा पोलीस ठाण्यात गेली. परत आली तेव्हा काहींच्या नळीत गंज होता.

जमा करण्याआधी घरी शस्त्र साफ करा, तेलाचा पातळ हात द्या आणि तेलकट फडक्यात गुंडाळा. चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवून देऊ नका. चामडं ओल धरून ठेवतं आणि पावसाळ्यात दोन महिन्यांत लोखंडावर डाग पडतात. सिलिका जेलची पुडी टाकली तर उत्तम. शस्त्राचे आणि क्रमांकाचे फोटो तारखेसह काढून ठेवा.

ठाण्यात पोचल्यावर ठाणे अंमलदाराला सांगा, तो मुद्देमाल कारकुनाकडे पाठवेल. शस्त्र रिकामं असल्याचं त्यांच्यासमोर पुन्हा दाखवा, पण आधी कुठे दाखवू ते विचारा. गजबजलेल्या टेबलावर स्लाइड ओढू नका.

पावतीवर काय हवं: शस्त्राचा प्रकार, बनावट, बोअर, क्रमांक, मॅगझिन किती, काडतुसं किती, तारीख, सही, शिक्का. "एक नग पिस्तूल जमा" एवढ्यावर समाधान मानू नका. काडतुसांचा आकडा राहिला तर परत घेताना वाद होतो, आणि त्या वादात तुम्ही एकटे असता.

पोलीस ठाण्याऐवजी अधिकृत शस्त्रविक्रेत्याकडेही जमा करता येतं, त्याच्या परवान्यात शस्त्र सांभाळायची मुभा असेल तर. तो फी घेतो, पण बहुधा शस्त्र नीट सांभाळतो. त्याची पावती आपल्या ठाण्यात दाखवून नोंद करून घ्या. नाहीतर तुम्ही शस्त्र जमा केलंच नाही, असं ठाण्याच्या यादीत राहतं.

निवडणुकीत जमा करण्यापासून सूट हवी असेल, उदाहरणार्थ बँकेच्या रक्षकाला किंवा स्पर्धेत उतरणाऱ्या नेमबाजाला, तर कोणाचं शस्त्र जमा करायचं ते ठरवणाऱ्या छाननी समितीपुढे पुराव्यासह वेळेत अर्ज करा. सूट मिळाली तरी मतदान केंद्राजवळ शस्त्र न्यायचं नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १३४ब खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, दोषी ठरलात तर शस्त्र जप्त होऊ शकतं आणि परवानाही रद्द झाला असं मानलं जातं.

८. लोहगाव विमानतळ आणि एअर पिस्तूल

विमानतळावर केबिनमध्ये शस्त्र नेता येत नाही. चेक-इन सामानात, रिकामं, काडतुसं वेगळी बांधून, आणि काउंटरवर आधी सांगून नेता येतं. विमान कंपनीला दोन दिवस आधी फोन करा. काही कंपन्या जास्तीचा कागद आणि जास्तीचा वेळ मागतात.

बालेवाडीच्या रेंजवर सराव करणाऱ्या मुलांसाठी: .१७७ बोअरच्या तुमच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही हे तुम्हाला माहीत आहे, पण मशीनच्या पडद्यावर ते पिस्तूलच दिसतं. क्लबचं ओळखपत्र आणि खरेदीचं बिल बॅगेत ठेवा. सरावानंतर बॅग तशीच घेऊन कॉलेजात किंवा आरटीओत जाऊ नका, आधी घरी ठेवा.

९. परत घेताना आणि घरी आल्यावर

सही करण्याआधी क्रमांक जुळवा, काडतुसं मोजा, नळीत प्रकाश पाडून बघा. काही बिघाड दिसला तर त्याच कागदावर लिहा. नंतर जाऊन सांगितलं तर "तेव्हा बरोबर होतं" हेच उत्तर मिळतं. मूळ जमा पावती ते परत घेतात, म्हणून तिचा फोटो आधीच काढलेला असू द्या.

घरी आल्यावर शस्त्र थेट कुलूपबंद कपाटात ठेवा. काडतुसं वेगळी मोजा आणि आदल्या रात्रीच्या कागदाशी ताडून बघा. एकही कमी असेल तर आधी बॅगा आणि गाडी तपासा. सापडलं नाही तर त्याच दिवशी जवळच्या पोलीस ठाण्यात हरवल्याची खबर द्या आणि स्टेशन डायरीतल्या नोंदीचा क्रमांक लिहून घ्या.